कॅपिटलचा आग्रह कुठे धरावा?

नांदेड स्थानकाचा रेल्वेतला संकेत एनईडी, लातूरचा एलयूआर. स्थानकांचे संकेत कॅपिटल अक्षरांत छापतात. मोबाइलवर घाईघाईने टाइप करणारा प्रवासी मात्र सरळ स्मॉलमध्ये लिहून मोकळा होतो. माणसाला दोन्ही सारखेच. संगणकाला नाहीत. त्याच्याकडे कॅपिटल एचा क्रमांक 65 आणि स्मॉल एचा 97. इंग्रजीच्या सव्वीसही अक्षरांत हाच 32चा फरक.

लातूरच्या एखाद्या आडत दुकानाचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम लिहायचा आहे असं समजा. शेतमालाची यादी ठरलेली: सोयाबीन, तूर, हरभरा, हळद. अशा ठरलेल्या नावांच्या संचाला प्रोग्रामर ‘एनम’ म्हणतात. त्याचा मोठा फायदा असा की, प्रोग्राम लिहिताना यादीबाहेरचं नाव वापरलं तर चूक तिथल्या तिथे पकडली जाते. पण माल नोंदवणारा माणूस एनम लिहीत नाही, तो मजकूर लिहितो. एक्सेलच्या एका ओळीत सगळं कॅपिटल, दुसरीत सगळं स्मॉल, तिसरीत फक्त पहिलं अक्षर मोठं. हा मजकूर यादीतल्या नावाशी जुळवायचा कसा?

जावा या प्रोग्रामिंग भाषेत एनम 2004 साली, पाचव्या आवृत्तीत आला. त्याची ‘व्हॅल्यूऑफ’ ही सोय अक्षरन् अक्षर तंतोतंत मागते. जरा फरक पडला की थेट एरर. सी शार्पमध्ये लहान-मोठं अक्षर बघू नकोस असं सांगता येतं. पण तिथे वेगळी मेख आहे: नावाऐवजी ‘57’ असा आकडा आला आणि त्या क्रमांकाचा माल यादीत नसला, तरी तो आत घेतला जातो. म्हणून आलेलं मूल्य यादीत खरंच आहे का, हे वेगळं तपासावं लागतं.

जावात बरेच जण मजकूर आधी कॅपिटल करतात आणि मग शोधतात. सोपं आहे, पण ‘कॅपिटल करणं’ प्रत्येक भाषेत सारखं नसतं. तुर्की लिपीत टिंबाचा आय आणि बिनटिंबाचा आय ही दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. संगणकाची भाषा तुर्की ठेवलेली असेल, तर स्मॉल आयचा कॅपिटल टिंबासकट होतो. मग नांदेडच्या बाजारातली हळद इंग्रजीत ‘टर्मरिक’ म्हणून नोंदवली की ती यादीत सापडतच नाही, कारण त्या शब्दात आय आहे. यावर उपाय म्हणजे रूपांतर करताना ‘लोकेल रूट’, म्हणजे कोणत्याही एका भाषेचे नियम लावू नकोस, असं सांगणं, किंवा यादीतलं एकेक नाव ‘इक्वल्स इग्नोअर केस’ने ताडून बघणं. मला दुसरा मार्ग अधिक पटतो. त्यात अशी सूचना द्यायला विसरण्याची भीती नाही.

मग यादी देवनागरीतच केली तर? आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर नाहीच. तरीही सुटका नाही. ‘शेतकऱ्याचा माल’ यातला ऱ्य तीन तऱ्हांनी टाइप होतो: स्वतंत्र ऱ वापरून, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, संगणकाला तीन वेगळे शब्द. युनिकोडच्या सामान्यीकरणाने पहिले दोन एक होतात; तिसऱ्याची सोय आपल्यालाच करावी लागते. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामरला हे ठाऊक असायला हवं, कारण परदेशी पाठ्यपुस्तकात हे सहसा सापडणार नाही.

अक्षरांचा आकार दुर्लक्षून स्पेलिंगचे किंवा बदललेल्या नावांचे फरकही मिटत नाहीत. जिल्ह्यांचीच यादी घ्या. 1982 साली उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला. आता उस्मानाबादचं धाराशिव झालं आहे. जुन्या नोंदींत जुनं नाव येणारच. त्यासाठी पर्यायी नावांचा तक्ता लागतो, आणि तो माणसानेच विचार करून भरायचा असतो.

म्हणून मजकुराबाबतचा सैलपणा प्रोग्रामच्या दारापाशीच दाखवावा. तिथे एकदा जुळवणी करावी, आणि आत सगळीकडे एनमच फिरवावा. जुळलंच नाही तर सर्वांत जवळचं नाव अंदाजाने लावू नये, आणि मुकाट्याने ‘इतर’मध्ये तर मुळीच ढकलू नये, तसं केलं की शेतकऱ्याच्या पट्टीवर तुरीऐवजी ‘इतर’ छापलं जातं. ती ओळ भरणाऱ्याला परत दाखवावी: कितवी ओळ, काय लिहिलं होतं, कोणती नावं चालतील.