झोपाळ्यामागची भिंत

बँकेतून निवृत्त होऊन रेवदंड्याला दोन खोल्यांचं घर घेतलं, तेव्हा महाग तो ऑइलपेंट टिकाऊ, असा माझा हिशेब होता. दुसऱ्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटले. खारी हवा बाहेरून, ओल आतून. तिला वाटच नव्हती. शेजारच्या आजी म्हणाल्या, "भाऊ, खरवडून काढा सगळं नि चुना लावा. ओल सुकते तरी!"

चुन्यात चिमूटभर नीळ घातली, लहानशा खोलीत उजेड खेळू लागला. पण चारही भिंती पांढऱ्या म्हणजे दवाखाना, हे पत्नीचं मत. झोपाळ्यामागची एकच भिंत तिने गेरूने रंगवली. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं तिने पाहिली होती. वारली घरांत लग्नाचा चौक सुवासिनी तांदळाच्या पिठाने लिहीत. मशे यांनी ते काम रोजचं केलं, कागदावर आणलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

"त्यांची नक्कल नको, आपलं काढू," असं म्हणत तिने बांबूची काडी ठेचून पिठात बुडवली. सुपारीची वाडी, खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर, एक होडी. बाकीची भिंत मोकळी. मला तिथे चार फ्रेमा हव्या होत्या (कादंबरीकाराला भरतीची हौस फार!), तिने कॅलेंडरसुद्धा लावू दिलं नाही.

दर दिवाळीआधी ती रेघा गिरवायची. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. होडी जवळजवळ पुसली आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, फोटो काढून ठेवू, भिंत रंगवून टाका."

आज सकाळी मी पीठ भिजवलं. हात थरथरतो, होडी वाकडीच येणार.