घरीं बांधलेल्या विमानाच्या तेलाची गळती

गंगापूर रोडवरील एखाद्या बंगल्याच्या अंगणांत मोटारीखालीं तेलाचा काळा डाग दिसला, तर घरधनी फार तर फरशी खराब झाल्याबद्दल हळहळतो. वाटेंत इंजिन तापलेंच, तर मोटार रस्त्याच्या कडेला उभी करतां येते. विमानाला आकाशांत ही सोय नाहीं. म्हणून तेथें तोच डाग प्राणांवर बेतूं शकतो.

आपल्या हातांनीं विमान बांधण्याचा उद्योग महाराष्ट्रालाहि अपरिचित नाहीं. मुंबईस कांदिवलींत कॅप्टन अमोल यादव यांनीं घराच्या गच्चीवर विमान बांधलें. २०१६ च्या फेब्रुवारींत वांद्रे-कुर्ला संकुलांतील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत तें लोकांनीं पाहिलें, आणि २०१७ सालीं त्याची सरकारी नोंदणी झाली. अशा कोणत्याहि विमानाच्या बांधणाऱ्याला जीं बारीक कामें नीट यावीं लागतात, त्यांत इंजिनाच्या तेलाची गळती थांबविणें हें एक होय.

पुष्कळ इंजिनांच्या तळाशीं तेल सांठविण्याचें पसरट भांडें असतें; कारागीर त्याला ऑइल चेंबर म्हणतात. पंप तेथून जाळीवाटे तेल ओढून फिरत्या भागांना पोंचवितो, आणि तें पुन्हां खालीं ओघळतें. तेल संपलें, तर धातूवर धातू घासून इंजिन जाम होतें. गळणारें तेल धुराच्या तापलेल्या नळीवर पडलें, तर आगीचें भय.

मात्र चेंबरखालीं थेंब दिसला म्हणून चेंबरच गळतें असें नव्हे. वरच्या सांध्यांतून निघालेलें तेल खालीं उतरतें आणि पंख्याच्या वाऱ्यानें मागें पसरतें. म्हणून इंजिन प्रथम पुसून कोरडें करावें, थोडा वेळ चालवावें, आणि ओल आधीं कोठें उमटते तें पाहावें. दुसरी गोष्ट ब्रीदर नळीची. दट्ट्याच्या कड्यांजवळून कांहीं वायु इंजिनाच्या पोटांत उतरतो व या नळीवाटे बाहेर पडतो. ती तुंबली, तर आंतला दाब वाढून धड सांध्यांतूनहि तेल बाहेर येतें. अशा वेळीं सांधा कितीहि लिंपला तरी व्यर्थ.

सांधाच दोषी ठरला, तर बोल्ट अधिक आवळण्याचा मोह होतो. घात येथेंच होतो. पातळ पत्र्याची कड बोल्टाजवळ दबते, दोन बोल्टांमध्यें फट राहते, आणि पॅकिंग चिरतें. चेंबर उतरवून कड सपाट करावी व सरळ पट्टी लावून तपासावी. जुनें पॅकिंग लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनें खरवडावें. लोखंडी पात्यानें ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला, कीं तेलाला तीच वाट मिळते. दोन्ही पृष्ठभाग तेलकटपणा जाईपर्यंत पुसावे. मग नवें पॅकिंग बसवावें. सिलिकॉनचा लेप इंजिनाच्या पुस्तिकेंत सांगितला असेल तरच, आणि तेवढाच, लावावा. बोल्ट मध्यापासून टोकांकडे, समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत, जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्यानें आवळावे.

लेप जाड झाला, तर तो जितका बाहेर येतो तितकाच आंतहि येतो. त्याचा तुकडा सुटून जाळींत अडकला, म्हणजे चेंबर तेलानें भरलेलें असूनहि इंजिन कोरडें पडतें. गळती निदान डोळ्यांना दिसते. हा अडथळा दिसत नाहीं. म्हणून लेप वाळूं द्यावा, इंजिन जमिनीवर चालवून सांधा पुन्हां पाहावा, आणि मगच उड्डाणाचा विचार करावा. सांधा टिकतो तो लेपाच्या जाडीनें नव्हे, तर सपाट कडा, स्वच्छ पृष्ठभाग आणि सर्वत्र सारखा दाब यांच्या बळावर.