रबरांतील तेलाची परीक्षा

गेल्या उन्हाळ्यांत नातवंडें देवगडास आलीं, तेव्हां बंदरावरून एका होडीच्या कडेचा जुना टायर मागून आणून आम्हीं अंगणांतील आंब्याला झोका बांधला. दुसऱ्या दिवशीं धाकट्याच्या तळहातांना काळे डाग पडले व डांबरासारखा वास येऊं लागला. सूनबाईंनीं विचारलें, "मामंजी, या टायरांत विषारी कांहीं नसेल ना?" आम्हांला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. म्हणून थोडा शोध केला. तोच वाचकांपुढें ठेवीत आहों.

मूळ चिकांत दोष नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत दोडामार्गाकडे रबराच्या बागा आहेत. त्या झाडाचा पांढरा चीक साकळवून रबर करतात. तें टिकाऊ व्हावें म्हणून गंधक मिसळून तापवितात. ही युक्ति १८३९ सालीं चार्ल्स गुडइयर यांस सांपडली. बळकटीसाठीं त्यांत काजळी घालतात, आणि मळतांना तें मऊ पडावें म्हणून खनिज तेल. संशय आहे तो या तेलाविषयीं. वंगणतेल शुद्ध करतांना निघणारा स्वस्त काळपट अर्क या कामीं पुष्कळ वर्षें वापरीत असत. त्यांत बेंझोपायरीन असतें. १९३३ सालीं डांबरांतून वेगळें काढलेलें हें द्रव्य कर्करोगास कारण होतें, हें सिद्ध झालें आहे. युरोपीय संघानें १ जानेवारी २०१० पासून टायरच्या तेलांत तें दर किलोस १ मिलिग्रॅमहून अधिक नसावें, असा निर्बंध घातला. मुलांच्या खेळण्यांतील रबराला डिसेंबर २०१५ पासून अर्ध्या मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

आतां परीक्षेचा प्रश्न. पर्वतावर धूर दिसला कीं अग्नीचें अनुमान करावें. कारण अग्नीवांचून धूर नसतो. वासाचें तसें नाहीं. उग्र वास गंधकाचा किंवा इतर मसाल्याचाही असूं शकतो. उलट, बेंझोपायरीन इतकें अल्प असतें कीं नाकाला पत्ताही लागत नाहीं. काळा रंग तर काजळीचा. नैयायिकांच्या भाषेंत हे हेतु सव्यभिचार आहेत. नाकानें संशय घ्यावा. निर्णय प्रयोगशाळेनेंच द्यावा. तेथें रबराचे बारीक तुकडे द्रावकांत ठेवून तेल उतरवितात आणि यंत्रानें त्यांतील घटक मोजतात.

घरच्या घरीं एक गोष्ट मात्र पाहतां येते. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर ३२०६ होतें, म्हणजे २००६ सालचा बत्तिसावा आठवडा. त्या निर्बंधाच्या आधींचा माल! दोष सिद्ध झाला नाहीं, पण संशयास जागा उरली.

चार दिवसांच्या झोक्यानें रोग जडत नाहीं. भिण्याचें कारण नाहीं. परंतु लहान मूल हात तोंडांत घालतें, हें विसरूं नये. उग्र वासाच्या रबरी वस्तु त्याच्या हातीं देऊं नयेत, आणि होळींत टायर तर कधींच जाळूं नये. त्या धुरांत हींच द्रव्यें असतात.

टायर आम्हीं उतरविला. आतां त्याच फांदीला काथ्याचा दोर व फणसाची फळी आहे. नातवंडांची कांहीं तक्रार नाहीं, आणि सूनबाईंना उत्तरही मिळालें.