जयंतीचा बॅनर आणि पोरांची झोप
१३ एप्रिलच्या रात्री उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांत बॅनर डिझाइन करणाऱ्या पोरांचे फोन वाजत राहतात. "जय भीम दादा, एक फोटो राहिला." आम्हीही असे फोन केलेत. पोराची झोप जाते, डोळे चुरचुरतात, मान आखडते.

बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून मांडलेल्या कायद्याने १९४६ साली बारमाही कारखान्यांत आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ झाले. घरी बसून काम करणाऱ्याला मात्र भोंगाच नाही.

मंडळांनी नावं-फोटोंची यादी १० तारखेलाच द्यावी, बोलणारा एकच असावा. पोरांनो, दोन दुरुस्त्या फुकट, तिसरीचे पैसे. हे ॲडव्हान्स घेतानाच सांगा. दर २० मिनिटांनी २० सेकंद दाराबाहेर लांब बघा.

बाबासाहेबांच्या नावात चूक असेल तर रात्रीही उठा. कार्यकर्त्याचा फोटो छोटा वाटत असेल, तर राहू द्या.