पाणी तोडून लघवी थांबत नाही

वस्तीत तपासणीला बसलो की आम्ही बायकांना आधी एकच विचारतो, "ताई, रात्री लघवीला किती वेळा उठता?" एक ताई म्हणाल्या, चार-पाच वेळा. संडास लांब, वाटेत अंधार. म्हणून त्यांनी संध्याकाळनंतर पाणी पिणेच सोडले होते. तरी लघवी थांबेना, घसा मात्र कोरडा. बोटातून रक्त घेतले तर साखर ३००च्या वर.

रक्तातली साखर साधारण १८०च्या पुढे गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत शोषता येत नाही. ती लघवीवाटे जाते आणि जाताना शरीरातले पाणी ओढून नेते. म्हणजे पाणी जास्त प्यायल्याने लघवी वाढलेली नसते. लघवीतून पाणी जाते म्हणून तहान लागते. पाणी तोडले तर शरीर आणखी सुकते.

या ताईंचे वजनही उतरले होते. शेजारणी म्हणत, बाहेरची बाधा. बाधा कसली! साखर पेशींत शिरायला इन्सुलिन लागते. ते कमी पडले, किंवा शरीर त्याला दाद देईना, की रक्तात साखर असूनही पेशी उपाशी. मग चरबी आणि स्नायू झिजतात, थकवा येतो, खाल्ले तरी भूक राहते.

जांघेतली खाज बायका लाजेने सांगत नाहीत. साखर उतरलेल्या लघवीमुळे तिथे बुरशी वाढते. धूसर दिसू लागले तर नवा चष्मा करण्याआधी साखर तपासा.

पायांचे दुखणे सर्वांत वाईट. साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की नसा खराब होतात. आधी मुंग्या, जळजळ, मग बधिरपणा. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, खिळा टोचला तरी नाही, जखम चिघळते. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदनांनी त्यांना छळले, हे आपण वाचतो. घरातल्या म्हाताऱ्यांचे तळपाय मात्र पाहत नाही.

अनेकांना यातले काहीच जाणवत नाही. म्हणून तिशीनंतर उपकेंद्रात तपासून घ्या, तिथे पैसे पडत नाहीत. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडून पुन्हा खात्री करा. तहान-लघवीसोबत उलट्या, धाप, ग्लानी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

त्या ताई आता गोळ्या घेतात, रात्री एकदाच उठतात. वाटेवरच्या दिव्यासाठी आम्ही अर्ज दिला आहे. दिवा अजून लागलेला नाही.