पलटणीतून घरी आलेली पत्रे: कोण लिहीत होते, कोण वाचत होते?

दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. विजयस्तंभावरची 'नाक'ने संपणारी नावे शोधून शोधून वाचतो, फोटो काढतो. पण त्या माणसाच्या मागे घरी कोण होते, पगार घरी पोचत होता का, लढाईच्या आदल्या दिवशी त्याला कशाची काळजी होती, हे दगड सांगत नाही. ते पत्र सांगते. म्हणून आज आम्ही सैनिकांच्या पत्रांविषयी लिहीत आहोत.

भारतीय शिपायांच्या पत्रांचा सगळ्यात जास्त अभ्यासला गेलेला साठा पहिल्या महायुद्धातला आहे. २६ सप्टेंबर १९१४ रोजी हिंदी फौजेच्या पहिल्या तुकड्या फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरल्या. पुढच्या चार वर्षांत सुमारे ९० हजार लढणारे आणि ५० हजारांच्या आसपास बिनलढाऊ लोक तिकडे गेले. खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी, झाडूवाले हे सगळे या दुसऱ्या आकड्यात येतात. १९१५ च्या मार्चमध्ये ही माणसे आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे घरी पाठवत होती.

सरकारला भीती होती ती राजद्रोही मजकुराची. म्हणून ई. बी. हॉवेल या अधिकाऱ्याच्या हाताखाली भारतीय टपालासाठी वेगळे सेन्सॉर कार्यालय उघडले गेले. तिथे उर्दू, गुरुमुखी, हिंदी, मराठी अशा भाषांतली पत्रे चाळायची, निवडक मजकुराचा इंग्रजी तर्जुमा करायचा आणि दर आठवड्याला अहवाल वर पाठवायचा, असे काम चाले. हे अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रांतली बहुतेक काळाच्या ओघात गेली. म्हणजे ज्याने पाळत ठेवली त्याच्याच फायलीमुळे शिपायाचे बोलणे आपल्यापर्यंत आले, आणि तेही परक्या भाषेत.

ही पत्रे खासगी होती असे समजून वाचली तर फसगत होते. अनेक शिपायांना लिहिता येत नव्हते. ते बोलत आणि पलटणीतला कोणी शिकलेला लिहून देई. मग पलटणीतला अधिकारी ते पाही, त्यानंतर सेन्सॉर. गावात पोचल्यावर घरात अक्षरओळख नसेल तर पोस्टमन किंवा मास्तर वाचून दाखवी आणि सगळी आळी ऐकत बसे. बायकोला लिहिलेले पत्र असे पाचसहा जणांच्या कानावरून जाई. त्यामुळे 'मी खुशाल आहे' या वाक्यावर लगेच विश्वास ठेवायचा नसतो.

शिपायांना हे ठाऊक होते आणि ते वाट काढत. १९१५ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या इस्पितळातून एका जखमी शिपायाने मसाल्याच्या भाषेत लिहिले. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, पण ती तेवढी तिखट नाही, असा त्याचा आशय होता. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरा. हा मजकूर अहवालातच सापडतो, म्हणजे सेन्सॉरच्या नजरेतून तो सुटला नव्हता. काहींनी तर घरच्यांना आडून सुचवले की धाकट्याला भरती होऊ देऊ नका. आणखी काहींनी फ्रान्समधल्या बायका शेती सांभाळताना, लिहिता-वाचताना पाहिल्या आणि आपल्या मुलींना शाळेत घाला असे घरी कळवले.

आता आपला प्रश्न. या साठ्यात पंजाबी शीख आणि मुसलमान, जाट, राजपूत, गढवाली, पठाण भरपूर भेटतात. महार शिपाई शोधायला गेलो तर हाती काही लागत नाही. कारण सरळ आहे. 'लढवय्या जाती'चा सिद्धांत पुढे करून १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपली भरती बंद केली गेली होती. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, १९१० साली शिवराम जानबा कांबळेंनी अर्ज केला, तरी १९१४ मध्ये दार बंदच होते. नुकसान फक्त पगाराचे झाले नाही. पलटण म्हणजे शाळाही होती. रामजी सुभेदार पलटणीच्याच शाळेत मुख्याध्यापक होते. ज्या पिढीला पलटणीने अक्षर दिले असते, तिची पत्रेही त्या भरतीबरोबर गेली.

युरोपात अस्पृश्य पोचलेच नाहीत असे मात्र नाही. झाडूवाले म्हणून त्यांना नेले होते. बरेलीचा सुखा इंग्लंडमध्ये ब्रॉकनहर्स्टच्या लेडी हार्डिंग इस्पितळात काम करी. १२ जानेवारी १९१५ रोजी तो तिशीत वारला. अस्पृश्य म्हणून हिंदूंनी त्याचे दहन नाकारले आणि मुसलमान नाही म्हणून मुसलमानांच्या दफनभूमीत जागा मिळाली नाही, असे सांगितले जाते. शेवटी तिथल्या पाद्र्याने त्याला चर्चच्या आवारात पुरले आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून दगड उभारला. त्यावर त्याचे नाव आणि त्याचा बरेलीतला मोहल्लाही कोरलेला आहे. साता समुद्रापार गेला तरी जात त्याच्याआधी तिथे हजर होती.

पुढे १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली. तिथून पुढची पत्रे लंडनच्या कपाटात शोधत बसायला नको. १९६५, १९७१ ची पत्रे आपल्याच वस्तीत, पत्र्याच्या ट्रंकेत, पेन्शनच्या कागदांखाली आहेत, आणि घर बदलताना ती रद्दीत जातात.

तेव्हा गावोगावच्या तरुणांनी हे काम हाती घ्यावे. जुने पत्र सापडले तर त्याला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाकिटाचेही, कारण तारखेचा शिक्का बहुतेक वेळा तिथेच असतो. पत्त्यात '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' दिसले तर ते गाव नव्हे, ते फौजेचे टपालघर आहे. मनीऑर्डरची कुपनेही टाकू नका. तळाच्या चिमूटभर जागेत दोन ओळींचा निरोप लिहिलेला असतो. घरच्यांना विचारल्याशिवाय काही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे नाही, हे वेगळे सांगायला नको.

आणि आजी हयात असेल तर तिच्याजवळ बसा. पत्र आले की कोण वाचून दाखवायचे? तिच्या वतीने उत्तर कोण लिहायचे? आणि त्या माणसासमोर काय काय बोलायचे राहून जायचे?