गुडघ्याने उचलायचा फूट

शर्टाच्या कॉलरचं टोक शिवताना कारागीर सुई कापडात रुतलेली ठेवतो, कापड दाबून धरणारा फूट उचलतो, कापड फिरवतो, फूट खाली टाकतो आणि पुढची टीप मारतो. घरच्या काळ्या पायमशीनवर फूट उचलायची दांडी मशीनच्या डोक्यामागे असते. त्यामुळे दर कोपऱ्याला उजवा हात कापड सोडून मागे जातो आणि नीट जुळवलेल्या दोन कडा नेमक्या तेवढ्यात सरकतात.

कारखान्यातल्या सरळ टाक्याच्या मशीनला, आपल्याकडे जिला सर्रास जुकी म्हणतात तिला, टेबलाखाली उजव्या गुडघ्याजवळ एक गादी लावलेली असते. गुडघ्याने ती उजवीकडे ढकलली की तेलाच्या ट्रेमधला आडवा दांडा फिरतो, एक उभी काडी वर सरकते आणि फूट उचलला जातो. जुकी कंपनीच्या डीडीएल-८७०० या मॉडेलवर हाताच्या दांडीने फूट साडेपाच मिलिमीटर उचलतो, गुडघ्याने १३. जीन्सची जाड शिवण किंवा अस्तर लावलेली बाही त्याखाली सहज सरकते. शिवाय फूट वर असताना दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या सैल होतात, म्हणून कापड ओढून काढताना दोरा तुटत नाही.

हात मोकळे करण्याची ही धडपड जुनी आहे. १८४६ साली पेटंट मिळालेलं इलायस होवचं यंत्र हाताने फिरवावं लागे. आयझॅक सिंगरने १८५१ साली पेटंट घेतलं, आणि पुढे त्याच्या यंत्रांमुळे पायडल घरोघरी पोचलं. पण पायमशीनलाही सुरुवातीला चाकाला हात द्यावा लागतो, नाहीतर ती उलटी फिरते आणि दोरा अडकतो. विजेची मोटर आल्यावर सिंगरच्या ९९ सारख्या काही घरगुती मशीनना गुडघ्याची दांडी मिळाली, पण ती वेगासाठी. दांडी जास्त दाबली की मशीन जास्त पळायची. नाव तेच, काम वेगळं! आज वेग तळपायाकडे आहे आणि फूट गुडघ्याकडे. आपोआप दोरा कापणाऱ्या मशीनवर टाच मागे दाबली की दोराही कापला जातो. मला ही वाटणी सगळ्यात शहाणी वाटते.

नव्या शिकाऊंची एक खोड मात्र मोडावी लागते. गुडघा गादीला टेकवून बसलं की फूट केसभर वर राहतो, दाब कमी पडतो, चकत्या उघडतात आणि कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो. मग बिचारी बॉबिन पुन्हा पुन्हा बदलली जाते, दोष नसताना. गादी अशी बसवावी की गुडघा किंचित हलल्यावरच ती लागेल. उंच आणि ठेंगण्या माणसाला एकच जागा सोयीची नसते. स्क्रू सैल करून ती वरखाली, मागेपुढे करता येते, तरी कित्येक जण आधीच्या कारागिराच्या मापावरच वर्षानुवर्षं शिवत राहतात आणि संध्याकाळी कंबर धरतात.

बर्निना कंपनीच्या काही घरगुती मशीनवर गुडघ्याची दांडी फूट उचलताना कापड सरकवणारे दातेही खाली घेते, त्यामुळे कापड फिरवताना कुठे अडत नाही. घरी बसून ब्लाउज शिवणाऱ्या बायकांना ही सोय स्वस्त मशीनवरही मिळायला हवी, कारण गळ्याच्या पायपिंगला दर दोन-तीन टाक्यांनी कापड वळवावं लागतं. तोवर वापरलेली जुकी घ्यायला गेलात तर मोटरच्या आधी टेबलाखाली हात घाला: गादी आहे ना, काडी जागेवर आहे ना, आणि गुडघा सोडताच फूट पुरता खाली बसतो ना, हे पाहा.